चांगली बाजू खाली

"खाली बघितलंस?"

"बघितलं, आप्पा."

"कवा बघितलंस? मला तर वाकल्याली दिसली न्हाईस."

मी पुन्हा वाकून टेबलाखाली बघितलं. टेबलाच्या कडेबाहेर काढलेल्या प्लायखाली हवा होती, दुसरं काही नव्हतं. वायर नव्हती, स्टूल नव्हतं, आणि माझे दोन्ही हात वरच होते. तरी आप्पांचं समाधान होईना. डाव्या हाताचं बँडेज छातीशी धरून ते स्वतः वाकले, माझा एखादा जास्तीचा हात खाली राहिला असावा तसं सगळीकडं बघून आले आणि म्हणाले, "हां. आता घे."

मी बटणाकडं हात नेला.

"थांब. चष्मा?"

"डोळ्यांवरच हाय."

"वायर कुठं हाय?"

"खांद्यावर."

"पातं घट्ट हाय?"

"सकाळपासनं चारदा बघितलंय, आप्पा. तुम्ही दोनदा, मी दोनदा."

त्यांना एका जागी उभं राहवेना. दाराकडं गेले, परत आले, टेबलाला एक फेरी मारली, परत दाराकडं गेले. माझंही काही वेगळं नव्हतं. हरतालिकेचा दिवस, चांगला नवरा मिळावा म्हणून आईनं धरायला लावलेला कडकडीत उपास, घशाला कोरड. खरं सांगते, मला त्या दिवशी नवरा नको होता. मला दुकान हवं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी याच टेबलाखाली आप्पांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती. आमचे आप्पा म्हणजे गडहिंग्लजचे कृष्णात मिस्त्री. चाळीस वर्षं हातकरवतीवर काढलेली. करवत चालवताना तुटत आलेल्या फळीला डाव्या हातानं खालून आधार द्यायचा, म्हणजे ती फाटत नाही, ही त्यांची जन्माची सवय. जिगसॉ मशीन घेऊन जेमतेम दीड महिना झाला होता. तिचं बोटभर पातं वर-खाली उड्या मारत लाकूड कापतं आणि दर उडीला लाकडाच्या खालून इंचभर बाहेर डोकावतं. हे आप्पांच्या डोक्याला कळलं होतं, हाताला कळलं नव्हतं. एका दुपारी हात सवयीनं खाली गेला.

दवाखान्यातून आले त्याच संध्याकाळी त्यांनी जाहीर करून टाकलं की एक तारखेपासून दुकान सर्जेरावच्या ताब्यात. सर्जेराव म्हणजे माझा चुलत भाऊ. बसस्टँडमागं त्याचं फर्निचरचं दुकान होतं, दोन कामगार होते, आणि आमच्या दुकानावर त्याचा डोळा होता. मी तेवीस वर्षांची, बी.ए. झालेली. पाच वर्षं आप्पांच्या हाताखाली पॉलिश पेपर घासत, रंधा मारत काढलेली. मला कुणी विचारलं नाही. मी तीन दिवस घरात भांडी आपटली. चौथ्या दिवशी आप्पा म्हणाले, "घोरपडेबाईंचा गणपती राहिलाय. चतुर्थीच्या आदल्या दिवशी द्यायचाय. तेवढं एक काम तू मशीनवर कर. मी उभा ऱ्हाऊन सांगतो. नीट झालं तर सर्जाला काय सांगायचं ते बघू."

नीट झालं तर. माझं सगळं त्या तीन शब्दांवर होतं.

काम तसं साधं होतं. सागाच्या प्लायमध्ये चार फुटी गणपतीचा आकार कापायचा, मूर्तीच्या मागं भिंतीवर लावायला. शालिनीबाई घोरपडे म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मला त्यांनी आठवीत विज्ञान शिकवलं होतं. नवं घर बांधलं होतं, पहिलाच गणपती. ऑर्डर देतानाच त्यांनी बजावलं होतं, "मिस्त्री, सोंड डावीकडं. मूर्तीचीही डावी आहे, मागच्याचीही डावीच पाहिजे. सासूबाईंच्या वेळी एकदा घाईत उजव्या सोंडेचा आला होता. त्याचं सोवळं कुणाला झेपलं नाही, आणि त्याच वर्षी धाकटे दीर गेले. मला विचाराल तर दोन्हींचा काही संबंध नाही. पण त्या दिरांची बायको माझ्या घरात राहते. ती त्या भिंतीसमोर बसून जेवू शकणार नाही."

आप्पा म्हणाले होते, "बाई, चाळीस वर्षांत माझी आखणी चुकल्याली सांगा."

आणि आखणी त्यांनीच केली. म्हणजे कागदावर आकार त्यांनी काढला, आणि तो कागद प्लायवर लावून कार्बननं रेघ उतरवली तीही त्यांनीच, एका हातानं. मग कागद खिळ्याला लटकवून ठेवला. मी मदतीला गेले तर खेकसले, "आखणी मी कुणाच्या हातात देत न्हाई." मी मागं सरले.

"घे आता," आप्पा म्हणाले. "आधी चालू कर, मग लाकडाला लाव. लाकडाला लावून बटण दाबलंस तर उडी मारंल ती."

मशीन सुरू झालं. दुकान थरथरायला लागलं. मी पातं प्लायच्या कडेला नेलं. सागाची बाजू खाली होती, कारण ही मशीन खालून वर कापते आणि वरच्या बाजूला लाकडाचे टवके उडतात. चांगली बाजू खाली ठेवायची म्हणजे ती साफ निघते. आप्पांनीच मला हे पन्नासदा ऐकवलं होतं.

"बूड टेकव मशीनचं! उचलतंय!"

"टेकवलंय!"

"ढकलू नगंस. ती आपणहून जातीया. तू निस्ती वाट दाखव."

"आप्पा, तुम्ही जरा एका जागी उभे ऱ्हाता का? मला सावली येतीया."

ते बाजूला झाले. दोन मिनिटांनी दुसऱ्या बाजूनं सावली आली. रेघेवर भुसा साचत होता, मी फुंकर मारत होते आणि पुढं सरकत होते. मुकुट झाला. उजवा कान झाला. कानाच्या वळणावर पातं अडल्यासारखं झालं आणि मी जोर लावला.

"हां हां हां! बंद कर!"

मी बंद केलं.

"पातं थांबू दे. थांबू दे म्हणतोय न्हवं. थांबल्याशिवाय उचलायचं न्हाई. हां. आता सांग, एवढ्या बारक्या वळणात ती वळंल कशी? तुला वाकायचं झालं तर जागा लागती का न्हाई? आधी बाहेरनं आडवं छेद दे दोन-तीन. मग तुकडं गळून पडत्यात, आन् पात्याला जागा मिळतीया."

मी छेद दिले. तुकडे खाली पडले. आप्पांचा डावा हात ते झेलायला नकळत पुढं झाला आणि बँडेजसकट थबकला. त्यांनी तो पाठीमागं नेला आणि उजव्या हातानं धरून ठेवला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

सोंड आणि पोट यांच्यामधली जागा राहिली होती. तिथं ड्रिलनं भोक पाडलं, भोकात पातं घातलं, पुन्हा खाली बघितलं, पुन्हा सुरू केलं. सोंडेचं वळण कापताना मी श्वास घेतला होता की नाही मला आठवत नाही. आप्पा बोलायचे थांबले होते. शेवटचा तुकडा सुटला आणि मी मशीन बंद केलं तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि माझे दंड दगडासारखे झाले होते.

आप्पांनी कडेवरून अंगठा फिरवला. सगळीकडून फिरवला. मग म्हणाले, "रेघ सोडली न्हाईस कुठं."

त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की उपास विसरून मी तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले.

त्याच वेळी दारात रिक्षा थांबली आणि घोरपडेबाई उतरल्या. आप्पांना स्फुरण चढलं. "या बाई, अगदी येळंवर आला. आत्ताच झालं." मी प्लाय टेबलाला आवळणारे क्लॅम्प सोडले. आप्पांनी एका हातानं कड धरली, मी दुसरीकडून, आणि आम्ही गणपती उलटून सागाची बाजू वर करून उभा केला.

कापणी साफ होती. एक टवका नव्हता. पण सोंड उजवीकडं होती.

काय झालं ते मला लगेच कळलं, आणि आप्पांनाही. हातकरवत वरून खाली कापते, म्हणून तिच्या कामात चांगली बाजू वर असते आणि आखणी त्याच बाजूवर करतात. मशीनसाठी आप्पांनी प्लाय उलटा ठेवला, पण कागद चाळीस वर्षांच्या सवयीनं सुलटाच लावला. मागच्या बाजूवर काम करायचं तर कागदही उलटा लावावा लागतो, म्हणजे पलटल्यावर सगळं जागेवर येतं. कापताना माझं लक्ष फक्त रेघेवर होतं. गणपतीकडं मी बघितलंच नव्हतं.

बाई गणपतीजवळ आल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "हे कुणी आखलं?"

शाळेत काच फुटली की त्या याच आवाजात विचारायच्या.

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा बँडेजकडं बघत होते. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, कुणाची तरी मूर्ती घेऊन पोरं ओरडत गेली. आप्पा बोलेनात. आत्ता बोलतील, मला वाटलं. ओठ हलले. आत्ता. पण नाही. मला शांतता सहन होत नाही, हा माझा जन्माचा दोष. कुणी बोलत नसलं की मला गुदमरायला होतं आणि मी काहीतरी बोलून बसते.

"मी," मी म्हणाले.

"तू?"

"मी लावला कागद. उलटा लावायचा ऱ्हायला."

बाईंनी आप्पांकडं बघितलं. मला अजूनही वाटत होतं की आता तरी ते बोलतील. आणि ते बोललेच.

"चुकलंच माझं, बाई," आप्पा म्हणाले. "पोरीच्या हातात द्याय नको हुतं."

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तेही नको झालं. "जाऊ दे. मी सर्जेरावांना विचारते, त्यांच्याकडं लाकूड असलं तर. उद्या अकराला प्रतिष्ठापना आहे," म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

आप्पांनी दारामागची टोपी घेतली. "पट्टी बदलायला जातो," एवढंच म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

मग मी दुकानात एकटीच होते. रडले नाही. मला राग आला की रडू येत नाही, हातांना काहीतरी करावंसं वाटतं. झाडू घेतला, सगळा भुसा एका कोपऱ्यात लोटला, मग तोच भुसा दुसऱ्या कोपऱ्यात लोटला. पातं काढून ठेवलं. क्लॅम्प पुसले. तो गणपती भिंतीला टेकून माझ्याकडं बघत होता, म्हणून त्याला धरून गर्रकन भिंतीकडं तोंड करून ठेवला.

आणि बघते तर सोंड डावीकडं.

अर्थात डावीकडंच असणार. मागून बघितल्यावर आकार बरोबरच होता. फक्त ती बाजू सागाची नव्हती, साध्या लाकडाची, पांढुरकी, आणि मशीननं कडेकडेनं टवके उडवलेली. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. टवक्यांवरून बोट फिरवलं. ते खोल नव्हते, वरवरचे होते. झाकता आले असते.

उन्हाळ्यात एका शोकेससाठी आणलेला सागाचा पातळ पापुद्रा माळ्यावर गुंडाळी करून ठेवला होता. बायकांच्या ओढणीएवढा जाड असतो तो, पण चिकटवला की सागाच्या फळीसारखा दिसतो. मी माळ्यावर चढले. पाच फूट निघाला. मी हसले असेन बहुतेक, एकटीच.

टवके भुसा आणि डिंक कालवून भरून घेतले. वाळेपर्यंत बाहेर चकरा मारल्या. घासून घेतलं. मग डिंक पसरला, पापुद्रा अंथरला, मधून कडांकडं फडक्यानं दाबत गेले, वर एक जाड फळी टाकली आणि दुकानात जे जे जड सापडलं ते सगळं तिच्यावर ठेवलं. ग्राइंडर, खिळ्यांचे डबे, धार लावायचा दगड, ऐरण. फळी उचलून बघितली तर कडा बसल्या होत्या आणि मध्ये, बरोबर पोटावर, हातभर फुगा. मी वजनं मध्ये सरकवली. कडा उठल्या. पुन्हा कडांना नेली. पुन्हा फुगा. असं चार-पाच वेळा झालं. डिंक वाळायला लागला की खेळ संपणार होता.

तेवढ्यात आप्पा आले. हाताला नवी पट्टी होती, तोंड उतरलेलं.

"काय करालीस?"

मी सांगितलं. एका दमात, त्यांच्याकडं न बघता.

"असलं जोडकाम मी करत न्हाई," ते म्हणाले.

"तुम्ही करू नका. मी करालीया."

ते दाराकडं गेले. परत आले. फळीची कड उचलून आत डोकावले. बोटानं फुगा दाबून बघितला.

"वजन कमी पडतंय मधी."

"ठाऊक हाय."

"अजून काय न्हाई?"

"दुकानात होतं ते सगळं घातलंय."

आप्पांनी टोपी काढून खिळ्याला अडकवली. दगड आणि ऐरण कडांकडं सरकवायला लावली. मग पायजमा वर ओढून ते टेबलावर चढले आणि फळीच्या बरोबर मध्यावर मांडी घालून बसले. आप्पांचं वजन त्या वेळी ऐंशी किलो होतं.

"बघ आता," ते म्हणाले.

मी वाकून कड तपासली. फुगा बसला होता.

"किती येळ?"

"तीन तास तरी."

ज्या माणसाला सकाळपासून एका जागी उभं राहता येत नव्हतं, तो आता हलूही शकत नव्हता. गुडघा तेवढा हलत होता. मी घड्याळ बघत होते आणि त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवून बसले होते.

साडेपाचला सर्जादादा आला. हातात टेप, खिशात पेन्सिल, कपाळाला गंध. दारातून वाकून आत आला आणि आप्पांना टेबलावर मांडी घातलेलं बघून थांबला.

"काका, हे काय?"

"बसलोय."

"टेबलावर?"

"व्हय. तुझं काय काम काढलंस?"

सर्जादादा माझ्याकडं बघून हसला. वाईट हसला नाही, मोठ्या भावासारखा हसला, त्याचाच मला जास्त राग आला. "बाई आल्या हुत्या. म्हणाल्या, मिस्त्रींच्याकडचा कागद घिऊन ये आन् आज करून दे. माझ्याकडं लाकूड हाय. कागद तेवढा द्या काका, मी बसवतो उद्याच्याला. जयू, तू वाईट वाटून घिऊ नगंस गं. मशीनवर पहिल्यांदा हुतंय असं. आन् आता आलोच हाय तर मागच्या भिंतीचं माप घेतो, काका. एक तारखेला फळ्या मारायच्यात मला. जरा उठता का? टेबल सरकवायला लागंल."

कागद दिला की बाईंचं काम गेलं, आणि काम गेलं की आप्पांना एक तारखेबद्दल बोलायला तोंड उरणार नव्हतं. कागद खिळ्याला लटकत होता, सर्जादादाच्या हाताच्या अंतरावर.

"उठता येत न्हाई," आप्पा म्हणाले.

"का? कंबर धरलीया?"

"काम चालू हाय."

"कुणाचं?"

"जयमालाचं."

सर्जादादाला काही उमगलं नाही. त्याला वाटलं म्हातारं चिडलंय. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, पोरीनं एकदा चूक केली. बाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, आखणीच तिनं उलटी केली म्हणून. आता पुन्हा तिच्याच हातात..."

"आखणी तिनं न्हाई केली."

"पण तीच म्हणाली न्हवं..."

"ती म्हणंल. आखणी माझी हुती. कागद मी लावला. पोरीनं रेघ बी सोडली न्हाई, मी दिली तीच रेघ उलटी." आप्पांचा आवाज चढला, आणि ते तावातावानं उठायला गेले, तशी मी ओरडले, "आप्पा, हलू नका!" ते पुन्हा टेकले. बसल्या जागेवरूनच म्हणाले, "जा आन् बाईंस्नी सांग, कृष्णात मिस्त्री चुकला. कागद मिळायचा न्हाई. सकाळी धाला गणपती घरपोच येतोय, डाव्या सोंडंचा."

"काका, असं सांगितलं तर गावात नाव जाईल तुमचं."

"बोटं गेली तवा ओरडलो व्हय? जाऊ दे नाव."

"आन् एक तारीख?"

"येऊ नगंस."

सर्जादादानं टेप खिशात घातला. माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि गेला. गेली वीस वर्षं तो आमच्याशी व्यवस्थित वागतो, पण दुकानात पाऊल ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशीचं इथंच सांगून टाकते. सकाळी आठला मी पापुद्र्याच्या कडा धारदार पात्यानं उतरवल्या, पॉलिश पेपर मारला, तेलाचा हात दिला. दहाला आम्ही दोघांनी गणपती नेऊन भिंतीला लावला. बाई आप्पांना म्हणाल्या, "सर्जेरावांनी सांगितलं मला," आणि पुढं काही विचारलं नाही. त्यांची जाऊ आतून आली, पदर सावरून भिंतीसमोर उभी राहिली, सोंडेवरून नजर फिरवली आणि हात जोडले. बाईंच्या माडीचं सगळं लाकूडकाम पुढं मीच केलं. पण माझ्या मनात राहिली ती आदली संध्याकाळ, सर्जादादा गेल्यानंतरची.

दुकानात आम्ही दोघंच. बाहेर फटाके वाजत होते. मी खूप आवळून धरलं होतं, पण नाहीच राहवलं.

"सकाळी का न्हाई बोलला?"

आप्पांनी हलणारा गुडघा हातानं दाबून धरला.

"सर्जादादापुढं बोललासा. मग बाईंच्या पुढं का न्हाई? वर म्हणालासा, पोरीच्या हातात द्याय नको हुतं. मी तुमच्यासाठी खोटं बोलले, आन् तुम्ही मलाच..."

मला त्यांना हलवून हलवून विचारायचं होतं, पण त्यांना हलवून चालणार नव्हतं.

आप्पांनी नव्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तू 'मी' म्हणालीस न्हवं, तवा मला बरं वाटलं."

"काय?"

"बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. म्हटलं, सुटलो. आन् सुटलो तर चांगलं पक्कं सुटावं, म्हणून पुढचं बोललो." त्यांनी नाक ओढलं. "दवाखान्यात जाईपतोर बरंच वाटत हुतं. सिस्टरनं पट्टी सोडली, म्हणाली, दुखतंय का. आन् मला एकदम तुझं तोंड दिसलं. सकाळचं."

त्यांनी माफी मागितली असती तर मी रडून मोकळी झाले असते. एखादी सबब सांगितली असती तर भांडले असते. पण त्यांनी होतं तसं सांगितलं होतं, आणि त्याचं काय करायचं मला कळेना. आजही नीटसं कळत नाही. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. माझा त्यांच्यावर जीव होता, आणि त्या 'बरं वाटलं'चा राग अजून आहे, आणि ते वाक्य त्यांनीच मला सांगितलं म्हणून तो राग कुणापुढं काढताही येत नाही.

मी उठून फळीची कड तपासली. हातानं दाबून बघितली. आप्पांचा गुडघा आता जोरात हलत होता, पाय बधिर झाला असणार. त्यांनी उजवा हात टेबलावर टेकला आणि माझ्याकडं बघितलं. दुकानात एखादं काम करायच्या आधी त्यांनी मला विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

"उठू का गं?"

मी घड्याळाकडं बघितलं.

"अजून दीड तास."

"दीड?"

"बसा," मी म्हणाले.

आणि आप्पा बसले.